डाव्या हाताचा अभ्यास

देवानंदने डाव्या हाताने लिहायला सुरुवात केली ती श्रावणात. नवरात्र लागेपर्यंत त्याचा हात इतका बसला, की ग्रामपंचायतीत एका अर्जावर तो डाव्या हातानेच सही करून आला आणि तिथल्या बाबूने "उजव्या हाताले काय लागलं?" म्हणून विचारलं.

कारण अगदी सरळ होतं. त्याचं उजव्या हाताचं अक्षर वळणदार, पाचवीतल्या पुतणीच्या, करिश्माच्या वहीत ते लगेच उघडं पडलं असतं. डाव्या हाताने मात्र अक्षर असं मस्त वाकडंतिकडं उतरायचं, की गुरुजींनी 'अक्षरात प्रगती' असा शेरा मारला होता. संध्याकाळी दोघं ओट्यावर बसत. देवानंद वही मांडीवर घेऊन लिहायचा. करिश्मा शेजारी बसून भुईमुगाच्या शेंगा फोडायची, एक दाणा त्याच्या तोंडात, एक स्वतःच्या, आणि मधूनच घरातल्यांना ऐकू जाईल अशा बेताने ओरडायची, "काका, हे मले जमून राहिलं!" स्वयंपाकघरात वहिनी, म्हणजे करिश्माची आई, समाधानाने पोळी उलटायची.

हे असंच चालायचं, पण महालक्ष्म्यांच्या जेवणाला गीतांजली आली आणि घोटाळा झाला. गीतांजली म्हणजे देवानंदच्या बापाची, शालिकरामांची थोरली लेक. वलगावच्या मळ्यात झेंडू-वांग्यांच्या वाफ्यांतून वाढलेली, आणि गेली अठरा वर्षं अकोल्यात शिक्षिका. जेवणं झाल्यावर तिने भाचीच्या हातात सहज वर्तमानपत्र दिलं, म्हणाली, "वाच बरं, काय लिहिलंय." करिश्माने कागद लांब धरला, जवळ धरला आणि शांतपणे सांगितलं, "आत्या, माहा चष्मा सापडून नाई राहिला."

करिश्माला चष्मा नव्हता, कधीच नव्हता.

त्याच पंगतीत गोपालने, म्हणजे करिश्माच्या बापाने, सगळ्यांसमोर थोरल्या बहिणीला शब्द दिला. दसऱ्याच्या आधीच्या रविवारी गीतांजलीने यावं. पोरीने कधी न पाहिलेलं एक पान घरच्यांसमोर वाचून दाखवलं तर ती वलगावात राहील. नाहीतर दिवाळीनंतर तिचं दप्तर, कपडे आणि ती स्वतः अकोल्याला आत्याकडे. आणि तोवर पोरीला शिकवायचं काम त्याने सोपवलं कोणाकडे, तर देवानंदकडे. घरात बारावी पास तोच, आणि चौतीस वर्षांचा होऊनही लग्न जमलं नसल्याने संध्याकाळचा मोकळाही तोच.

देवानंदने तो महिना शिकवण्यात घालवला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती.

त्याने शिकवलं, पण वाचायला नाही. करिश्माचा कान असा होता, की एकदा ऐकलेलं तिला बोलणाऱ्याच्या खोकल्यासकट पाठ व्हायचं. काकाने पुस्तकातला विहिरीतल्या कासवाचा धडा तीनदा वाचला आणि चौथ्यांदा तिने तो डोळे मिटून म्हणून दाखवला. मग खाटेवर पडल्या पडल्या ऐकणारे शालिकरामही कटात सामील झाले.

"एकदम सरळ नको म्हणू वं," ते नातीला म्हणाले. "तुही आत्या वकिलासारखी उलटतपासणी करते. दोन-चार जागी अडखळजो. 'विहिरीच्या' म्हणताना एकदा. 'आश्चर्यचकित'ले तं दोनदा. थो शब्दच तसा हाय."

अडखळण्याचाही सराव झाला. हे पान पोरीने कधी पाहिलेलं नाही, असं गीतांजलीला तिघांनी मिळून सांगायचं, हेही ठरलं.

रविवारी सकाळी अकोल्याच्या एसटीने गीतांजली उतरली तेव्हा टिनाच्या शेडमध्ये झेंडूचा ढीग कंबरेएवढा होता. दसरा चार दिवसांवर, माल अमरावतीला जायचा, घरातलं प्रत्येक माणूस ढिगाभोवती बसलेलं. प्लास्टिकचे कॅरेट भरायची त्यांच्या घरातली रीत शालिकरामांच्या बापापासूनची होती. बारीक, दबलेलं फूल मधे जायचं आणि टपोरं, भरलेलं फूल वरच्या थरात, तोंड वर करून. सगळेच माळी असं करतात, पण शालिकरामांचा वरचा थर पाहून बघणाऱ्याला देवळात आल्यासारखं वाटायचं.

गीतांजलीने पर्स खुंटीला अडकवली, साडीचा पदर खोचला आणि न सांगता फुलं निवडायला बसली. दहा मिनिटं ती बसच्या गर्दीबद्दल, गुडघ्याबद्दल, पुण्याला शिकायला गेलेल्या मुलाबद्दल बोलली. मग हात झटकले.

"चला. करिश्मा, पुस्तक आण."

घरी बोलतानाची आणि वर्गात बोलतानाची अशा गीतांजलीच्या दोन भाषा होत्या. ही वर्गातली होती. देवानंदने उगीचच एक कॅरेट उचलून इकडचं तिकडे ठेवलं.

"कोणतं पान वाचू, आत्या?" करिश्माने डोळे मोठे करून विचारलं.

"कोणतंही," शालिकराम घाईने म्हणाले. "माह्या मतानं थे कासवाचं घ्या. थे काही शिकवलं नाई अजून शाळेत. नाई का रे देवा?"

"नाई ना," देवानंद म्हणाला. "आमी त्या पानाले हातही नाई लावला."

पुस्तक उघडलं तर ते आपणहून त्याच पानावर उघडलं, आणि पानावर शेंगदाण्यांचे तेलकट डाग होते. गीतांजलीने डाग पाहिले.

करिश्माने शब्दांवर बोट ठेवलं. "गावाबाहेर एक जुनी विहीर होती. वि... विहिरीच्या तळाशी एक म्हातारे कासव राहत होते."

गोपालचे हात थांबले. वहिनीच्या मांडीवरची फुलं खाली सांडली. पोरगी वाचत होती. 'आश्चर्यचकित' आलं, तिथे ती ठरल्याप्रमाणे दोनदा अडखळली आणि तिसऱ्यांदा पार झाली, तेव्हा वहिनीने डोळ्यांना पदर लावला. ते पाहून देवानंदला पहिल्यांदा आतून कसंतरी झालं. वहिनी दहावीला शाळा सोडून या घरात आली होती. पोरीला अकोल्याला पाठवायचा विचार तिने मन घट्ट करून केला होता, हे त्याला माहीत होतं.

गीतांजलीने ढिगातलं एक टपोरं फूल उचललं आणि हळूच पानावर ठेवलं. करिश्मा वाचत राहिली. गीतांजलीने दुसरं ठेवलं, तिसरं ठेवलं. अर्धा धडा झेंडूखाली गेला तरी कासव आपलं विहिरीच्या पायऱ्या चढतच होतं.

"करिश्मा."

"काय, आत्या?"

"फुलं बाजूला न करता वाचतेस तू."

करिश्माने पानाकडे पाहिलं. मग आत्याकडे. "मले फुलाच्या आरपार दिसते," ती म्हणाली.

शालिकरामांना हसू आवरेना, त्यांनी ते खोकल्यात घालवलं. गोपाल मात्र लाल झाला. "देवा! महिनाभर हे शिकवलं का तू तिले?"

"पाठांतर बी अभ्यासच असते, दादा."

"मी शब्द देल्ला होता सगळ्याइसमोर!"

"मग आता दिवाळीनंतर ती माझ्याकडे येईल," गीतांजली म्हणाली. आवाज शांत होता. "खोली रिकामीच आहे. टेबल आहे, पंखा आहे."

"हां, तेच म्हणतो मी," शालिकराम खाटेवरून बोलले. हसू गेलं होतं. "तुहं पोरगं पुण्याले गेलं, घर खायले उठते, म्हणून आमचं लेकरू पाहिजे तुले."

गीतांजलीचा चेहरा लहान झाला. बोलणं लागलं होतं, कारण त्यात थोडं खरं होतं. दिवसभर दीडशे पोरं सांभाळून संध्याकाळी एकटीने कुलूप उघडणाऱ्या बाईला हे बापाने ऐकवू नये. देवानंदला बापाचा राग आला आणि त्याच वेळी वाटलं, बरं झालं, विषय तरी बदलला.

विषय बदलला नव्हता. गीतांजली उठली तेव्हा तिची भाषा बदललेली होती.

"बाबा, कॅरेट भरणं तुमीच शिकवलं मले. याद हाय? नवा व्यापारी वरचा थर पायते. जुना असला तं मधात हात घालते." तिने करिश्माच्या दप्तरातून गृहपाठाची वही ओढली. "पाहू द्या मले मधात काय भरलं तं."

"ताई, थे वही कच्ची हाय," देवानंद पुढे झाला.

"चूप बैस."

पहिली आठ पानं करिश्माच्या हातची होती, फळ्यावरून उतरवलेली, मोठ्या कष्टाची. गीतांजलीने ती ओलांडून वही मधोमध उघडली. तिथून डावा हात सुरू होत होता. तिने एक पान पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचायला लागली.

"'माझी आवडती व्यक्ती. माझी आवडती व्यक्ती म्हणजे माझा काका देवानंद. माझा काका दिसायला देखणा आहे. तो बारावी पास असून स्वभावाने शांत आहे. त्याला कोणतेही व्यसन नाही. त्याच्याकडे स्वतःची मोटारसायकल आहे. अशा मुलाला अजून मुलगी मिळू नये, ही समाजाची चूक आहे.'" ती थांबली. "खाली गुरुजींचा शेरा हाय. 'सुंदर. काकांना शुभेच्छा.'"

गोपाल रागात होता, पण आधी हसू फुटलं ते त्यालाच. मग वहिनी. शालिकराम तर खाटेवर आडवे होऊन हसले. देवानंदने झेंडूच्या ढिगाकडे असं पाहिलं, की जागा असती तर तो त्यात शिरला असता.

करिश्मा तेवढी हसली नाही. ती काकाकडे बघत होती.

"हे माह्या नावानं लिवलं तू?"

"अवं, निबंधच होता..."

"कोणतंही व्यसन नाई? मंग खर्रा कोण खाते दिवसातून चारदा? मी?" तिने आत्याच्या हातातून वही हिसकावली. "अजून काय काय लिवलं तू माह्या नावानं?"

"काई नाई. आण इकडे."

"मी पायते."

वही घेऊन ती शेडच्या खांबाला टेकून बसली आणि पुढचं पान उलटलं. ओठ हलू लागले. तिला कोणी वाच म्हटलं नव्हतं. अक्षरं तिला येत होती, जोडाक्षरंही बरीचशी येत होती, पण शेजारी काका असताना त्यांच्या मागे लागायची गरज आजवर तिला कधी पडली नव्हती.

"मा... झ्या... चां... चांग... ल्या... स... वयी," ती म्हणाली. "माझ्या चांगल्या सवयी." बोट खालच्या ओळीवर गेलं. "मी रोज प... पहा... टे पाच... वाजता उठते." तिने मान वर केली. "खोटं!"

"गुरुजींले आवडते तसं," देवानंद पुटपुटला.

"मला... का... र... ले..." बोट थांबलं. पुन्हा मागे आलं. "का-र-ले. कारले. मला कारले फा... र आ... वडते."

वहिनीने तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! म्हणून गुरुजी पालकसभेत म्हणाले का मले? की तुमच्या पोरीले कारलं आवडते, अशी पोरं कमी असतात. मी तवापासून आठवड्यातून दोनदा..."

"दोनदा!" करिश्मा किंचाळली. "मी म्हणो हे कारलं काहून येऊन राहिलं घरात! मी थे गायीले टाकत होती! काका, तुह्यामुळे?"

आता तिला कोणी थांबवू शकत नव्हतं. पुढचं पान, त्याच्या पुढचं पान. कधी शब्द सापडत होता, कधी हातून सुटत होता, मग ती नाक फुगवून त्याला पुन्हा पकडत होती. हे अडखळणं ठरवलेल्या अडखळण्यासारखं नव्हतं. ते कुरूप होतं, भलत्याच जागी येत होतं आणि त्याला खूप वेळ लागत होता. गीतांजलीने गोपालला डोळ्याने खुणावलं, बोलू नको. कॅरेट भरायचं थांबलं होतं.

देवानंद मात्र हळूच वहीकडे सरकू लागला. वहीचं शेवटचं लिहिलेलं पान त्याला माहीत होतं. बुधवारी लिहिलं होतं. त्या दिवशी करिश्मा मैत्रिणीकडे गेली होती, तो ओट्यावर एकटाच होता आणि विषय सोपा होता. घरात ही वही कोण वाचणार, या भरवशावर त्याने मनात आलं ते लिहून टाकलं होतं.

"थे शेवटचं राहू दे," तो म्हणाला. "थे गुरुजींनी तपासलं नाई अजून."

"मंग मी तपासते," करिश्मा म्हणाली. "मा... झी... सं... सं... ध्या..."

"संध्याकाळ," शालिकरामांनी हळूच सांगितलं.

"आबाजी, सांगू नका! माझी संध्याकाळ." तिने श्वास घेतला. "सं-ध्याकाळी मी आणि का... का... ओ... ट्यावर बसतो. काका वाचतो आणि मी ऐ... ऐकते." इथवर तिला बरं वाटलं असावं, तिने काकाकडे पाहून मान हलवली. "काका मला वा... चा... वाचायला शि... क... वत नाही." ती थांबली. पुढची ओळ तिने आधी मनात वाचली आणि मग मोठ्याने, अगदी सावकाश. "मला वाचता आले... की मी त्याला वि... चारणार नाही... असे त्याला वाटते. ही त्याची चू... क आहे. हे त्याला मा... हीत आहे. मी अ... कोल्याला गेले तर... काका कोणा... साठी वाचेल?"

करिश्माने वही मांडीवर ठेवून काकाकडे पाहिलं.

"मुद्दाम नाई शिकवलं मले?" करिश्माने विचारलं.

"हो," देवानंद म्हणाला. "चुकलं माहं." त्याला आणखी काही बोलायचं होतं, पण इतक्या माणसांत त्याला लाज वाटली. ही पोरगी म्हणजे त्याच्या दिवसातला तेवढा एकच गोड तास होता. तो तास वाचवायच्या नादात त्यानेच तिला अकोल्याच्या एसटीपर्यंत आणून सोडलं होतं.

गोपाल सुस्कारा टाकून उठला. "ताई, शब्द म्हणजे शब्द. दिवाळी झाली की मी आणून सोडतो तिले."

"थांब," शालिकराम म्हणाले. "शब्द काय होता? न पायलेलं एक पान, सगळ्याइसमोर. हे पान पायलं होतं का तिनं?"

"पण बाबा, थे पुस्तकातलं नाई."

"पुस्तकातलं पाहिजे, असं कोण म्हणलं होतं?"

सगळ्यांनी गीतांजलीकडे पाहिलं. तिचा चष्मा ओला झाला होता. ती पुसत बसली, नेहमीपेक्षा जास्त वेळ.

"नव्हतं म्हणलं," ती शेवटी म्हणाली. "वाचलं तिनं पान. रडत-पडत वाचलं, पण खरं वाचलं."

"मंग मी इथंच?" करिश्माने विचारलं.

"नाताळपर्यंत. आणि माह्या अटीवर." गीतांजलीने भावाकडे बोट केलं. "हा रोज एक पान लिहीन. उजव्या हातानं. खरं लिहीन. तू रोज संध्याकाळी सात वाजता मले फोनवर व्हिडिओ लावजो आणि थे पान वाचून दाखवजो. एक दिवस चुकली तं दुसऱ्या दिवशी मी एसटीत बसलीच समज."

"रोज सात वाजता?" शालिकराम म्हणाले. लेकीकडे बघून मग आवाज खाली आला. "सातले तू शाळेतून येऊन एकटीच राहतं ना वं. बरं हाय. मी बी बसत जाईन फोनसमोर."

जाताना गीतांजलीने बापाच्या खाटेवरची चादर नीट करून दिली.

"आणि माहा अभ्यास?" करिश्माने विचारलं.

"तुहा तू करशीन. याचा तू तपासशीन." गीतांजलीने पर्समधून तिचा स्वतःचा लाल पेन काढून भाचीच्या हातात ठेवला. करिश्माने तो असा धरला, की देवानंदला तेव्हाच कळलं, आपलं आता काही खरं नाही.

दुपारी माल भरून गाडी अमरावतीला गेली. गीतांजलीला बसस्टँडवर सोडून देवानंद परत आला, तर करिश्मा उपड्या कॅरेटवर बसून लिहीत होती. त्याला पाहताच तिने वही मिटून त्याच्या हातात कोंबली आणि आत पळाली.

त्याने वही उघडली. 'कारले'वर फुली होती. पहाटे पाचवर फुली होती. व्यसनाच्या ओळीवर एवढी मोठी फुली, की कागद फाटला होता. 'दिसायला देखणा आहे' यातलं 'देखणा' खोडून वर 'बरा' लिहिलं होतं, आणि खाली गुरुजींच्या शुभेच्छांना लागूनच शेरा होता, 'पुन्हा लिहून आण.'

त्याने भीत भीत शेवटचं पान काढलं. तिथे एकही फुली नव्हती. 'काका कोणासाठी वाचेल?' या प्रश्नाखाली, त्याच्या डाव्या हातापेक्षाही वाकड्या अक्षरात, तिने लाल शाईने उत्तर लिहिलं होतं.

'आता मी वाचीन. तू ऐक.'